सरदारांचं जाकीट : सजावट नव्हे, ओळख!



दोन वर्षांपूर्वी आमच्या सातवीच्या वर्गाने स्नेहसंमेलनात एक इंग्रजी नाटुकलं बसवलं होतं. विषय होता मध्ययुगीन युरोपातले नाइट, म्हणजे चिलखत घालून घोड्यावरून लढणारे सरदार. मुलं सव्वीस. सगळं ‘एकसारखं आणि छान’ दिसावं म्हणून मी करड्या कापडाची सव्वीस जाकिटं शिवून घेतली, प्रत्येकावर एकाच छापाचा सिंह चिकटवला आणि डोक्यावर पुठ्ठ्याची शिरस्त्राणं चढवली. पडदा उघडला, टाळ्या पडल्या आणि लगेच प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. कुणालाच आपलं मूल ओळखू येईना. आमच्या वर्गातल्या एका मुलीला तिची आजीच सांभाळते. त्या आजी शेजारणीचा मोबाईल मागून पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि अख्खं नाटुकलं त्यांनी भलत्याच मुलाचे फोटो काढले. नातीची चार वाक्यं झाली, ती आत गेली, तरी आजींना पत्ताच नाही.

चूक माझी होती. गंमत म्हणजे, मी ज्या सरदारांचं नाटक बसवत होते, त्यांनाही नेमकी हीच अडचण आली होती आणि तिच्यावर त्यांनी उपायही शोधला होता. तो उपाय त्यांच्या जाकिटावरच होता! तो मी नीट वाचला नव्हता एवढंच. आज त्याच जाकिटाविषयी आणि वर्गात किंवा घरी त्यावर मुलांच्या हातून सजावट कशी करून घ्यायची याविषयी बोलू या.

आधी जाकीट समजून घेऊ

नाइट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लखलखतं लोखंड येतं. पण लोखंडाच्या आत, आणि कित्येकदा लोखंडाऐवजीही, जाड शिवलेलं कापडी जाकीट असे. तागाच्या कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवून, किंवा दोन थरांमध्ये कापूस, लोकर, चिंध्या भरून त्यावर उभे टाके घालत. थोडक्यात, आपली गोधडी! गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने एकजीव होतात, तसंच हे. फरक इतकाच की ही गोधडी अंगात घालून लढायची होती. तलवारीचा घाव आणि गदेचा मार या थरांमध्ये जिरत असे.

हे कापड केवळ श्रीमंतांसाठी नव्हतं. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने ११८१ साली कोणी कोणती शस्त्रं बाळगावीत याचा हुकूम काढला. त्यात सरदारांना लोखंडी कड्यांचं चिलखत सांगितलं आहे, तर साध्या नगरवासीयांना आणि स्वतंत्र नागरिकांना असं भरीव कापडी जाकीट, लोखंडी टोपी आणि भाला. पुढे १५व्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळी सैनिकांच्या जाकिटात कापडाचे २५ ते ३० थर असावेत, असं सांगितलं जाई. म्हणजे गोधडीच्या कितीतरी पट!

मुलांना आवडणारी एक गोष्ट शब्दांची आहे. या जाकिटाच्या एका प्रकाराला इंग्रजीत ‘ॲकेटन’ म्हणत. तो शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ अरबीतल्या ‘अल-कुत्न’मध्ये आहे. त्याचा अर्थ कापूस. आपण रोज वापरतो तो ‘कॉटन’ही त्याच मुळातला. आणि ‘जॅकेट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘जाक’ या जाड जाकिटाच्या नावावरून आला. आपलं ‘जाकीट’ त्याचंच मराठी रूप. भाषेच्या तासाला ही दोन उदाहरणं जरूर वापरा.

मग त्यावर चित्रं कशासाठी?

१२व्या शतकात चिलखतावरून एक सैलसर कापडी अंगरखा घालायची पद्धत युरोपात रूढ झाली. त्याच सुमारास शिरस्त्राणं चेहरा अधिकाधिक झाकू लागली. चेहरा झाकला की आपला कोण आणि शत्रू कोण हे कसं कळणार? त्याच शतकात ढालीवर, अंगरख्यावर, घोड्याच्या झुलीवर ठरावीक चिन्हं दिसू लागतात आणि ती बापाकडून मुलाकडे जाऊ लागतात. यालाच आपण कुलचिन्ह म्हणू. चिन्हं जन्माला येण्यामागे हे एकच कारण नव्हतं. मानमरातब, वारसा, सामन्यांमधला दिमाखही होता. पण ‘हा कोण?’ या प्रश्नाचं उत्तर लांबून मिळावं, हे काम ती चिन्हं करत होती. माझ्या रंगमंचावर नेमकं तेच नव्हतं.

अशी काही जाकिटं आजही टिकून आहेत. इंग्लंडमधल्या कँटरबरी कॅथेड्रलमध्ये ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एडवर्डची समाधी आहे. तो १३७६ साली वारला. त्याचं मखमली जाकीट त्या समाधीवर टांगलेलं होतं. मूळ लाल आणि निळी मखमल आता विटली आहे, पण उभे भरीव पट्टे आणि सोनेरी जरीकाम ओळखू येतं. त्यावर इंग्लंडचे सिंह आहेत आणि फ्रान्सच्या राजघराण्याची लिलीची फुलंसुद्धा. इंग्लंडच्या राजपुत्राच्या अंगावर फ्रान्सची फुलं का? कारण त्याच्या बापाने, तिसऱ्या एडवर्डने, फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगून १३४० साली ती फुलं आपल्या चिन्हात घेतली. म्हणजे ते भरतकाम ही नुसती नक्षी नव्हती, तो एक दावा होता आणि त्या दाव्यापायी दोन देश पिढ्यान्‌पिढ्या लढले.

रंगांचा एकच नियम

कुलचिन्हांचं शास्त्र मोठं आहे, पण मुलांना एक नियम पुरतो. रंगांचे दोन गट करायचे.

• ‘धातू’ : सोनेरी (म्हणजे पिवळा) आणि रुपेरी (म्हणजे पांढरा).
• ‘रंग’ : लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा.

नियम असा : धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही. निळ्यावर पिवळा चालेल, पांढऱ्यावर लाल चालेल. निळ्यावर काळा नको, पांढऱ्यावर पिवळा नको. याला अपवाद होते, पण थोडे.

नियम का, ते मुलांनाच शोधू द्या. फळ्यावर दोन कागद लावा, एक निळ्यावर पिवळ्या चांदणीचा, दुसरा निळ्यावर काळ्या चांदणीचा. मुलांना वर्गाच्या शेवटच्या भिंतीला उभं करा. उत्तर आपोआप येतं. दुसरा सोपा प्रयोग म्हणजे मोबाईलवर फोटो काढून तो कृष्णधवल करायचा. चिन्ह पार्श्वभूमीत बुडालं तर रंग बदला. एक फिकट आणि एक गडद, एवढंच त्या नियमाचं रहस्य आहे.

शाळेत रंगीत झेरॉक्स परवडत नाही ना? त्यावरही जुना तोडगा आहे. १७व्या शतकात कृष्णधवल छपाईत रंग दाखवण्यासाठी रेषांची पद्धत रूढ झाली. सोनेरीसाठी ठिपके, रुपेरीसाठी कोरी जागा, लालसाठी उभ्या रेषा, निळ्यासाठी आडव्या रेषा, काळ्यासाठी उभ्या-आडव्या जाळीच्या रेषा. या पद्धतीने काढलेली कार्यपत्रिका मुलांना द्या आणि रेषा ‘वाचून’ रंग भरायला सांगा. मुलं कोडं सोडवल्यासारखी रमतात.

एका पट्ट्यासाठी पाच वर्षांचा खटला

आता खरी गोष्ट ऐका. १३८५ साली इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला. त्या सैन्यात दोन सरदार समोरासमोर आले, रिचर्ड स्क्रोप आणि रॉबर्ट ग्रॉसव्हेनर. दोघांचंही चिन्ह एकच, निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी तिरका पट्टा! ‘हे माझं’, ‘नाही, हे माझं.’ प्रकरण सरदारांच्या न्यायालयात गेलं. शेकडो साक्षीदार तपासले गेले. त्यात कवी जेफ्री चॉसरही होता. त्याने साक्ष दिली की लंडनमधल्या एका रस्त्यावर ते चिन्ह टांगलेलं पाहून त्याला ते स्क्रोपचंच वाटलं होतं, चौकशी केल्यावर भलत्याच घराण्याचं निघालं.

१३८९ मध्ये निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला. ग्रॉसव्हेनरने तोच पट्टा भोवती पांढरी किनार लावून वापरावा, असं सुचवलं गेलं. पण १३९० मध्ये राजाने तेही नाकारलं. कारण किनार लावून वेगळेपण दाखवणं हे नातेवाइकांमध्ये शोभतं, परक्या माणसांमध्ये नाही. शेवटी ग्रॉसव्हेनर घराण्याने निळ्यावर सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. ती त्या घराण्याच्या चिन्हात आजही आहे.

ही गोष्ट मला फार उपयोगी पडली. पुढच्या वर्षी आठवीत आम्ही तेच नाटुकलं पुन्हा करायचं ठरवलं, पण प्रत्येकाने आपलं चिन्ह स्वतः करायचं. दुसऱ्याच दिवशी दोन मुलं भांडत आली. दोघांनाही निळ्यावर पिवळा वाघ हवा होता. मी निर्णय दिला नाही. स्क्रोप-ग्रॉसव्हेनरची गोष्ट सांगितली आणि वर्गाचंच न्यायालय केलं. एकाच्या बाजूने तीन साक्षीदार उभे राहिले, ‘सर्वांच्या आधी वहीच्या कव्हरवर वाघ याने काढला होता, आम्ही पाहिलाय.’ वही पुरावा म्हणून आली. दुसऱ्याने थोडा वेळ तोंड फुगवलं, मग म्हणाला, ‘मला कणीस द्या. ज्वारीचं. आमच्या शेतात असतंच की.’ पेंढीचा भाग त्याने नीट ऐकला होता!

सजावट जी कामाचीही असते

चिन्हाशिवाय या जाकिटांवर आणखी बारीकसारीक सजावट असे. त्यातली बरीचशी मुळात कामाची होती.

बटणं. फ्रान्समधल्या लियों शहरातल्या वस्त्रसंग्रहालयात शार्ल द ब्ल्वाचं म्हणून ओळखलं जाणारं जाकीट आहे. हा सरदार १३६४ साली लढाईत मारला गेला. सोनेरी कलाबतूच्या रेशमी कापडात अष्टकोनांमध्ये सिंह आणि गरुड विणले आहेत, आत कापूस भरला आहे आणि समोर वरपासून खालपर्यंत बटणांची दाट रांग आहे. बाह्यांची वर्तुळं छातीच्या आणि पाठीच्या बाजूला खूप आतपर्यंत कापली आहेत, म्हणजे जाकीट अंगाला घट्ट बसूनही हात मोकळा वर जातो. त्या काळी कापडाचीच गोळी करून शिवलेली बटणं सर्रास वापरत. ती आपणही करू शकतो : कापडाचा गोल तुकडा घ्या, कडेने धावदोरा घाला, आत चिंधी भरून दोरा ओढा आणि गाठ मारा.

नाड्या. १५व्या शतकातल्या एका इंग्रजी हस्तलिखितात सरदाराला चिलखत कसं चढवावं याचं वर्णन आहे. आतल्या जाकिटाला पुष्कळ भोकं पाडलेली आणि त्यांतून चिलखताचे तुकडे बांधायला मेण लावलेल्या मजबूत दोऱ्या. मुलांसाठी बुटांच्या रंगीत नाड्या उत्तम. खांद्यावर आणि बगलेत बांधल्या की जाकीट लहान-मोठं करता येतं.

खिळ्यांचे ठिपके. काही जाकिटांत कापडाच्या आत लोखंडी पट्ट्या असत आणि बाहेर फक्त त्यांच्या रिव्हेटांची डोकी दिसत. ती कधी सोनेरी मुलामा देऊन तीन-तीनच्या पुंजक्यांत बसवत. पेन्सिलीचं मागचं टोक सोनेरी फॅब्रिक कलरमध्ये बुडवून ठिपके द्या, हुबेहूब तोच भास होतो.

कातरलेली कड. अंगरख्याची खालची कड पानांसारखी किंवा दातऱ्यांसारखी कापायची मोठी फॅशन होती. कागदाच्या घडीवर अर्धा आकार काढून मुलांना सममिती शिकवा, मग तोच कागद कापडावर ठेवून कापा.

करायला घेऊ या : साहित्य आणि कृती

साहित्य : मांजरपाट किंवा जाड सुती कापड, आत घालायला जुनी चादर किंवा सोलापुरी चादरीचा तुकडा, अस्तराला जुनं मऊ लुगडं, रंगीत फेल्ट, जाड सुई, लोकर किंवा सुतळीसारखी दोरी, टिचबटणं, फॅब्रिक कलर, खडू, मोजायची टेप.

१. बिनबाह्यांचंच जाकीट करा. छातीच्या मापात १२ ते १५ सें.मी. जास्त धरा, कारण थरांमुळे जाडी वाढते. आपल्या हवेत तीनपेक्षा जास्त थर नकोत, मूल घामाघूम होईल.

२. तिन्ही थर एकत्र टाचून घ्या. खडूने तीन-तीन सें.मी.वर उभ्या रेषा आखा आणि त्यांवरून मोठा धावदोरा घाला. वाकडा गेला तर जाऊ द्या. वेळ नसेल तर मशीनवर टीप मारा, पण एखादी तरी रेषा मुलाने हाताने घालावी.

३. चिन्ह आधी कागदावर, खऱ्या आकारात काढा. छातीवर साधारण १८ ते २० सें.मी. एक चिन्ह, दोन रंग. बारीक तपशील नकोत, ते दहा पावलांवरून दिसत नाहीत. प्राणी असेल तर त्याचं तोंड अंगात घालणाऱ्याच्या उजव्या हाताकडे करा. चिन्हाची उजवी-डावी बाजू बघणाऱ्याची नाही, ती ढाल धरणाऱ्याची असते. मुलं इथे हमखास गोंधळतात आणि त्यातूनच शिकतात.

४. चिन्ह फेल्टवर कापा. फेल्टचे दोरे निघत नाहीत. साधं सुती कापड असेल तर कडेने काजटाका घाला. मग कडेवर दोरी ठेवून तिच्यावरून बारीक टाके घ्या. आकार उठून दिसतो.

५. चिन्ह जाकिटावर कायमचं शिवू नका, टिचबटणांनी लावा. म्हणजे जाकीट धुता येतं, पुढच्या वर्षीच्या वर्गाला देता येतं आणि चिन्ह मुलाकडेच राहतं.

६. शेवटी ठिपके, कड, नाड्या. यातलं एखादंच निवडू द्या. सगळं एकाच जाकिटावर आलं की चिन्ह हरवतं.

पालकांना एक कळकळीची विनंती. रात्री मूल झोपल्यावर ते ‘नीट करून’ देऊ नका. वाकडा सिंह त्याचा असतो, सरळ सिंह तुमचा होतो. आणि हे जाकीट नाटकासाठी आहे. ते घालून लाकडी तलवारींनी खरोखर मारामारी करू देऊ नका.

‘माझं घराणं कोणतं?’

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. कुलचिन्ह बापाकडून मिळतं असं सांगितलं, की वर्गात काही मुलं गप्प होतात. कुणाला वडील नाहीत, कुणी मामाकडे राहतं, कुणाला घराण्याबद्दल सांगावंसंच वाटत नाही. त्या आजींच्या नातीने मला हळूच विचारलं, ‘बाई, मी कुणाचं चिन्ह घेऊ?’

याचंही उत्तर मध्ययुगातच आहे. कुलचिन्हं फक्त राजघराण्यांची नव्हती. शहरांची होती, कारागिरांच्या संघांची होती, स्त्रियांचीही होती. आणि कित्येकांनी तर आपल्या नावावर किंवा कामावर चिन्ह बेतलं. स्पेनमधल्या कास्टील राज्याचं चिन्ह किल्ला, कारण नावाचा अर्थच तो. लेऑनचं चिन्ह सिंह. इंग्लंडमधल्या ट्रम्पिंग्टन नावाच्या सरदाराच्या ढालीवर चक्क तुताऱ्या! म्हणजे चिन्ह वारशाने मिळत असे, तसं ते कधीतरी, कुणीतरी पहिल्यांदा निवडलेलंही असे.

म्हणून वर्गात ‘तुमच्या घराण्याचं चिन्ह काय?’ असं विचारू नका. ‘तुम्हाला लांबून कशावरून ओळखावं?’ असं विचारा. आमच्याकडे कणीस आलं, शिवणयंत्र आलं, रिक्षाचं चाक आलं, कंदील आला. आडनावावरून, जातीवरून चिन्ह काढायचं नाही, एवढी एकच अट मी घातली होती. ती तुम्हीही घाला.

त्या मुलीने लाल कापडावर पांढरी तागडी केली. तिची आजी भाजी विकते. तागडीचं एक पारडं जरा खालीच गेलं होतं. मी विचारलं, ‘सरळ करू या का?’ ती म्हणाली, ‘नको बाई, आजी नेहमी थोडं जास्तच घालते.’

नाटुकल्यात चेहरे याही वेळी झाकलेले होते. पडदा उघडला आणि ती आत आली, तेव्हा पहिल्या रांगेत आजींनी शेजारणीला कोपराने ढोसलं. शिरस्त्राणाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. या वेळी मोबाईलमध्ये सगळे फोटो नातीचेच होते.

तुमच्या वर्गात किंवा घरी हा उपक्रम केलात तर मुलांनी कोणती चिन्हं निवडली ते नक्की कळवा. वाट पाहते.